दोन वचनं

प्रिय बाळा,

ख्रिस्ताठायी सलाम.

रविवारी मी तुला निर्गम २०:१२ ऐकवलं, ‘आपल्या बापाचा व आपल्या आईचा मान राख’, आणि तू मला मत्तय १०:३७, ‘जो माझ्यापेक्षा बापावर किंवा आईवर अधिक प्रीती करतो तो मला योग्य नाही’. शब्बाथ शाळेत पाठ केली होती ती काय एकमेकांच्या अंगावर फेकायला? फोन आधी कोणी आपटला हा वाद नको. मीच आपटला.

सेमिनरीतलं धर्मशिक्षण सोडून घरी ये, असं मला म्हणायचं नव्हतं. उपासनेत पाळकसाहेब तुझ्यासाठी प्रार्थना करतात तेव्हा मी डोळे मिटत नाही, कोण कोण ऐकतंय ते बघतो. आई कोपराने ढोसते. माझं म्हणणं एवढंच होतं की आईला फोन कर. मला नाही, तिला.

दहा आज्ञांतली ही आज्ञा आपण पाचवी म्हणतो, मावशीच्या चर्चमध्ये चौथी म्हणतात. ‘मान राख’ यातला मूळ इब्री शब्द वजनावरून आलाय, हे गेल्या सुट्टीत तूच मला सांगितलंस. ज्याला मान द्यायचा त्याला जड मानायचं, हलक्यात घ्यायचं नाही. आई ‘माझं काही नाही, तू तुझं बघ’ म्हणते ना, तेव्हा आपण दोघंही तिला हलक्यात घेतो. लेवीय १९:३ मध्ये तर आईचं नाव बापाच्या आधी आहे. उघडून बघ.

तुझं वचनही खरंच आहे, ते मी नाकारत नाही. पण ते बोलणाऱ्या प्रभूनेच मार्क ७ मध्ये ‘कुर्बान’ म्हणणाऱ्यांना फटकारलं. आईबापाला जे द्यायचं ते देवाला वाहिलंय म्हणायचं, की मग हात मोकळे. आणि वधस्तंभावर बघ. बापाची इच्छा आधी की आई आधी, हे तिथे केव्हाच ठरलेलं होतं. तरी शिष्याला ‘ही तुझी आई’ म्हणून तिची सोय लावली आणि त्यानंतरच ‘पूर्ण झाले आहे’ म्हटलं.

झालं सुरू माझं प्रवचन. तू तिकडे ग्रीक शिकतोयस आणि मी तुला योहानाचं शुभवर्तमान शिकवतोय. माफ कर. इफिसकरांस ६ मधलं चौथं वचन तू मला सुनावलं नाहीस, हा तुझा मोठेपणा. बापांनो, मुलांना चिडीस आणू नका. माळ्यावरच्या गिटारचं मी विसरलेलो नाही.

कुर्बानचं मला बरं कळतं, कारण ते मी केलंय. मंडळीच्या कमिटीचा नऊ वर्षं सेक्रेटरी होतो. आजी अंथरुणाला खिळली त्या वर्षी आमचं छपराचं काम चाललेलं. रोज सभा. ती विचारायची, ‘येतोस ना?’ मी म्हणायचो, ‘उद्या.’ देवाचंच काम होतं, तिला काय बोलता येणार? पुढे पुढे तिनं विचारणंच सोडलं. गेलो की म्हणायची, ‘आलास का? बस.’ त्या ‘बस’मध्ये रागसुद्धा नव्हता. रागावली असती तर बरं झालं असतं. छप्पर मात्र अजून गळत नाही, हे मी अभिमानाने सांगत होतो परवापर्यंत.

तर फोन. तू रोज कर असं नाही. दोन मिनिटं पुरतात तिला. काय खाल्लंस विचारेल, तुला कंटाळा येईल, तरी सांग. तुझा फोन होऊन गेला की ती भांडी घासताना ‘हालेलूया’चं ते जुनं गीत गुणगुणते, चुकीच्या चालीत. गेले तीन आठवडे घरात ते गीत नाही.

हे लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो. तिनं शपथ घातली आहे, त्याच्या परीक्षा आहेत म्हणून. तेव्हा मी तुला काही सांगत नाहीये. मंगळवारी अकराला दवाखान्यात जायचंय, रिपोर्ट त्या दिवशी मिळेल. काही नसेलही. डॉक्टरांचा आवाज चांगला होता, मी नीट ऐकत होतो.

मंगळवारच्या आधी कर. पप्पांनी सांगितलं म्हणू नकोस, सहज केला म्हण. खोटं बोलायला सांगतोय, हे कळतंय मला.

तुझा,
पप्पा