सागरी मार्गावरच्या अनोळखी माणसांचे आभार

श्रीवर्धनहून किनाऱ्याकिनाऱ्याने रत्नागिरी आणि तिथून आंबा घाटाने कोल्हापूर, असा प्रवास आम्ही दोघांनी नुकताच केला. वाटेत ज्यांची नावंही विचारायची राहून गेली, त्यांचे मनापासून आभार.

बागमांडले–वेश्वी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड या खाड्या गाडीसकट फेरीबोटीने ओलांडता येतात. दाभोळला "येऊ द्या, येऊ द्या, बास!" म्हणत वीतभर जागेत गाडी बसवून देणारे खलाशी दादा, तुमचे आभार.

गुहागरच्या अलीकडे टायर पंक्चर झालं. उतारावर जॅक ठरेना. वाडीतले एक काका धावत आले, जांभ्याचा चिरा चाकाला अडवून लावला आणि मातीत बसून स्वतः नट सैल केले. काकूंनी तोवर हिला पडवीत बसवून कोकम सरबत दिलं. पैशांचं नाव काढताच दोघंही रागावले. कोकणी माणूस!

साखरप्यानंतर घाटात धुकं इतकं दाटलं की पुढचं वळण दिसेना. पुढच्या ट्रकवाल्या भाऊंनी आमची अडचण ओळखली, इंडिकेटर चालू ठेवून सावकाश चालवत आंबा गावापर्यंत सोबत केली.

यांपैकी कुणाला कुणी ओळखत असाल, तर आमचा नमस्कार जरूर पोहोचवा.