बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक ओळ वाढवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कापसाची वेचणी उरकली की यवतमाळ-चंद्रपूरकडच्या खेड्यांत संजीवन सभांचे (ख्रिस्ती जागृती मेळाव्यांचे) मांडव पडतात आणि त्यांच्यामागोमाग एक जुना वाद उकरून निघतो: लहानपणी झालेला बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने ख्रिस्ती मंडळीत घेण्याचा विधी, खरा की खोटा? बाहेरून आलेला पाळक (ख्रिस्ती धर्मगुरू) 'तो चालत नाही' म्हणतो, जुनी मंडळी (गावातले चर्च) दुखावते आणि गोष्ट सोयरिकीच्या बैठकीपर्यंत, कधी दफनभूमीच्या फाटकापर्यंत जाते.

या भांडणात तीन प्रश्न एकाच गाठोड्यात बांधलेले असतात: पाणी किती, शब्द कोणते आणि वय किती.

पाण्याचा प्रश्न सर्वांत हलका. 'दिदाखे' या आरंभीच्या ख्रिस्ती नियमपुस्तकात वाहते पाणी घ्यावे, ते नसेल तर दुसरे, तेही पुरेसे नसेल तर डोक्यावर तीनदा ओतावे, असे सांगितले आहे. मे महिन्यात नाला आटला तर काय करावे, याचे उत्तर इतके जुने आहे! शिवाय बुडवणे म्हणजे प्रौढांचाच बाप्तिस्मा, हाही गैरसमज. ऑर्थोडॉक्स परंपरेत तान्ह्या बाळालाच तीनदा बुडवतात.

शब्दांचे तसे नाही. बायबलातल्या मत्तय 28:19 प्रमाणे पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने पाणी दिले असेल, तर प्रॉटेस्टंट पाळकाच्या हातचा बाप्तिस्माही कॅथलिक मंडळी मान्य करते, पुन्हा देत नाही. बायबलातल्याच प्रेषितांची कृत्ये 2:38 धरून केवळ येशूच्या नावाने देणारे काही पेंटेकॉस्टल गट (पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणारे पंथ) आहेत, त्यांचा बाप्तिस्मा मान्य करताना अडते. 'त्या पाळकाचे वागणे बरे नव्हते' हे कारण मात्र कोणी पुढे करू नये. धर्मपुढाऱ्यांच्या लायकीवरूनच चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेची मंडळी फुटली होती आणि 314 साली आर्ल इथल्या धर्मपुढाऱ्यांच्या परिषदेने त्र्येकाच्या (पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या) नावाने झालेला बाप्तिस्मा पुन्हा देऊ नये, असे ठरवले.

उरले वय. हा खरा मतभेद, आणि तो गोड बोलून मिटणार नाही. बॅप्टिस्टांच्या, म्हणजे फक्त स्वतः विश्वास कबूल करणाऱ्यालाच बाप्तिस्मा देणाऱ्या प्रॉटेस्टंट पंथाच्या, मते विश्वासाची कबुली नसताना झाला तो बाप्तिस्माच नव्हे. त्यामुळे आपण 'दुसऱ्यांदा' देतो, हा आरोप त्यांना पटत नाही. हे त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत मांडावे, पण त्यांनीही समोरच्याला 'तुम्ही ख्रिस्तीच नाही' म्हणू नये. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारतीय मंडळी झाली, तेव्हा बालबाप्तिस्मा आणि विश्वासाचा बाप्तिस्मा दोन्ही एका छपराखाली घेतले गेले. ही सोय आपल्याच विदर्भात झाली, तरी खेड्यापाड्यांत ती फारशी कोणाला सांगितली जात नाही.

आता दाखला. नाव, आईबाप, तारीख आणि सही. एवढ्यावर पुष्कळदा काम भागवलेले असते. तीस वर्षांनी ना पाळक हयात, ना साक्षीदार. म्हणून 'कोणते शब्द उच्चारून, पाणी ओतून की बुडवून' ही ओळ दाखल्यावर आणि नोंदवहीत, दोन्हीकडे हवी. दुसऱ्या मंडळीतून माणूस आला तर पाळकाने आधी जुन्या पाळकाला लेखी विचारावे, उत्तराला महिनाभर अवधी द्यावा आणि तोवर मांडवातल्या माइकवरून काही बोलू नये. एवढे करूनही रास्त शंका राहिली, तर कॅथलिकांत 'तुझा बाप्तिस्मा झाला नसेल तर' अशी अट उच्चारून तो देतात.

वेगवेगळ्या मंडळ्यांचा नाताळचा एकत्र कार्यक्रम असेल तर वाचन, गायन, प्रार्थना ठेवावी. प्रभुभोजन (भाकर व द्राक्षरस घेण्याचा विधी) ज्याचे त्याने आपापल्या मंदिरात घ्यावे. कॅथलिक नियम तिथे मोकळीक देत नाहीत आणि ऐनवेळी कोणी उठून गेले की वर्षभर कुजबुज चालते.

आणि दाखल्यावर 'स्नानसंस्कार' छापलेले दिसले म्हणून तो परत करू नये. मराठी कॅथलिक बाप्तिस्म्यालाच स्नानसंस्कार म्हणतात.

आपला,
एक वाचक, ता. घाटंजी, जि. यवतमाळ