शिकवायला लागलास ते बरं केलंस

मंगळवार पेठ,
कोल्हापूर

प्रिय भावा,

विद्यापीठात गायन शिकवायची नोकरी धरलीस हे कळलं. ‘म्हणजे आता स्टेज सुटलं’ म्हणून लोक हळहळतात आणि तूही मान डोलावतोस, याचा मात्र राग आला. अरे, व्हर्जिनिया झेआनीनं काय केलं ते बघ.

बाई ऑपेरा गायिका, मूळची रोमानियाची. १९४८ साली इटलीत बोलोन्याला ‘ला त्राव्हियाता’ या ऑपेरातली व्हायोलेटा म्हणून उभी राहिली आणि पुढं ही एकच भूमिका ६०० हून जास्त वेळा गायली. भूमिका तरी कसली! पहिल्या अंकात गळा पाऱ्यासारखा पळवायचा, शेवटच्या अंकात तोच क्षयानं खंगलेल्या बाईचा करायचा. तरी वाद्यवृंदावरून मागच्या रांगेपर्यंत पोचला पाहिजे, तोही माईकशिवाय. १९८० मध्ये ती नवऱ्यासोबत (तोही नावाजलेला ऑपेरा गायक) अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात शिकवायला गेली. सिल्व्हिया मॅकनेअर ही गायिका तिच्याच हाताखाली तयार झाली.

माईकशिवाय गाणं म्हणजे ओरडणं नव्हे. बाईचा आवाज फार वर चढला की जबडा सोडावा लागतो. तोंडातली पोकळी सुराशी जुळली की फारसा जोर न लावता आवाज भरून येतो. फक्त मग आ, ई, ऊ सगळे सारखेच वाटायला लागतात. माझ्याकडं एक पोरगी येते, तार पंचमावर दात आवळायची. तिच्याच गालांवर तिची बोटं ठेवायला लावली, म्हटलं, ‘आता दात मिटू देऊ नकोस.’ सूर असा मोकळा झाला म्हणतोस! पण पदातला शब्द काही कळेना. नाट्यपदात हे कसं चालायचं? आपलं पॅलेस थिएटर १९१५ साली उघडलं तेव्हा कुठला आलाय माईक; जुन्या नटांनी दोन्ही कसं सांभाळलं असेल कोण जाणे.

आणि शिकवणं म्हणजे उतरती कळा म्हणणाऱ्यांना एकदा इथल्या देवल क्लबात, गाण्याच्या बैठकीला आणून बसव. कोल्हापूर दरबारचे गवई अल्लादिया खाँसाहेब; त्यांचा आवाज तरुणपणी गेला, तो पहिल्यासारखा परत आलाच नाही. उरलेल्या आवाजाला मानवेल अशी गायकी त्यांनी घडवली आणि केसरबाई, मोगूबाई या शिष्यांना दिली. दिली नसती तर दरबाराबरोबरच बुडाली असती.

सेमिस्टरच्या हिशेबानं गळा पिकत नाही, हे तेवढं तुझ्या साहेबांना पटवून दे. नाही पटायचं म्हणा.

दिवाळीत येशील तेव्हा त्या पोरीला ऐक. जबडा सुटलाय, पण श्वास अजून वरवरच घेते. ते काम माझ्याच्यानं होईना.

तुझाच,
बाळू