लातूरला शिकणाऱ्या लेकीला, दाढेवरून

प्रिय माऊ,

काल डॉक्टरांनी एक्सरे दाखवला तेव्हा मी नुसता हं हं करत बसलो. तुझ्या मैत्रिणी सोबत होत्या, आणि त्यांच्यासमोर काही बोललं की तू आठ-आठ दिवस फोन उचलत नाहीस हे मला माहीत आहे. परळीपर्यंत बसमध्ये डोक्यात तेच चालू होतं. आता दुपारचं गिऱ्हाईक कमी आहे म्हणून लिहायलोय. रागवायचं नाही असं ठरवलंय, बघू किती जमतंय.

रूट कॅनॉलचं मला एवढं काही नाही. खर्च होतो तो होतो. पण ती खालची दुसरी दाढ आहे गं, ती बाराव्या वर्षाच्या आसपास येते असं डॉक्टर म्हणले, म्हणजे तुझ्या तोंडात येऊन जेमतेम पाच वर्षं झाली आणि आतली नस गेली सुद्धा. नवा दात काही वर्षं कच्चाच असतो म्हणे, लवकर किडतो. आणि तू रात्री दोनपर्यंत तो कॅनमधला थंडा पीत बसतेस. हे मला तू नाही सांगितलंस, डॉक्टरांनी विचारल्यावर मैत्रिणीच्या तोंडून निघालं, आणि तू तिला कोपर मारलंस ते मी पाहिलं.

मला काय कळतं म्हणशील, तर माझं किराणा दुकान आहे बाई. कुठलं पोरगं काय नेतं हे माझ्याएवढं कुणाला माहीत असणार. परीक्षा आल्या की दहा रुपयाचे बिस्कीट पुडे, चिप्स आणि थंडाच्या बाटल्या रात्री शटर पडेपर्यंत जातात. मी मागची लेबलं वाचतो, तुझी आई हसते मला. कोलाच्या बाटलीवर १०० मिलीला साधारण दहा-अकरा ग्रॅम साखर लिहिलेली असते, म्हणजे ३०० मिलीत तीस ग्रॅमच्या वर गेली, सात-आठ चमचे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत पाहिजे, जमलं तर २५. तुझी तेवढ्या एका थंडातच २५ पार झाली. चहा वेगळाच.

तू काल म्हणलीस, पप्पा मी शुगर फ्रीवाली घेते कधी कधी. अगं साखर नसली तरी ॲसिड असतंच ना त्यात, ते थेट दातावरच जातं. आणि हे मी तुला काय सांगायलो, तुझंच दहावीचं सायन्सचं पुस्तक काढलं रात्री माळ्यावरून. ॲसिड-बेसच्या धड्यात तूच पिवळ्या पेननं रंगवून ठेवलंय, तोंडाचा पीएच ५.५ च्या खाली गेला की इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कवच, झिजायला लागतं. शरीरातली सगळ्यात कडक वस्तू आहे म्हणे ती. माणसाचा डेंटल फॉर्म्युला तुला झोपेत पाठ आहे, २१२३, एका बाजूला दोन पुढचे दात, एक सुळा, दोन उपदाढा, तीन दाढा. त्या तीनमधली एक दाढ गेली असती काल.

गेली नाही. वाचली. कळतंय मला, जास्त बोलायलो.

पण ते घोट घोट पिणं बंद कर. किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे दाताला जास्त लागतं. गोड तोंडात गेलं की जंतू त्याचं ॲसिड करतात, मग लाळ ते हळूहळू निवळवते आणि कॅल्शियम परत दातात भरते, त्याला अर्धा-एक तास लागतो. तू दर दहा मिनिटांनी एक घोट घेतलास की मागची उधारी फिटायच्या आत नवी उधारी चढली, अशी वही कधी मिटणार? वरून बिस्कीट आणि चिप्स, ते दाढेच्या खाचेत चिकटून बसतात. चिप्स गोड नाहीत म्हणून चालतात असं वाटतं पोरांना, पण स्टार्चचीही तोंडात साखरच होते. आणि मग तशीच झोपतेस. झोपेत लाळ कमी सुटते, म्हणजे रात्रभर राखणीला कुणीच नाही.

मेसचं जेवण साडेसातला आणि अभ्यास दोनपर्यंत, भूक लागणारच. उपाशी बस असं म्हणत नाही. फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, दही, एखादा पेरू, हे ठेव. पिशवीत फुटाणे आणि शेंगदाणे पाठवलेत, शेंगदाणे आपल्याच रानातले आहेत. आईचे लाडू जेवणाबरोबर खा आणि संपव, अकराला एक, बाराला एक असं करू नको. जागायचंच असेल तर बिनसाखरेचा कोरा चहा एकदाच पी आणि वरून पाणी पी. आंबट किंवा थंडा पिल्या-पिल्या लगेच ब्रश घासू नको, इनॅमल तेव्हा मऊ झालेलं असतं, नुसती चूळ भर आणि अर्धा तास थांब.

पेस्टचं पण. तू ते बिनफ्लोराईडवालं आणलंस, का तर समोरच्या दातावरचे पांढरे डाग फ्लोराईडचे आहेत म्हणून. डाग त्याचेच आहेत, लहानपणी तू मामाकडं बोअरचं पाणी पिलीस, किनवटकडं किती गावांत हेच आहे. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराईड पोटात जायला लागलं तर वाढत्या दातावर डाग पडतात. आता तुझे दात येऊन झालेत. पेस्टमधलं दातावर लावून थुंकायचं असतं, त्यानं किडायचं थांबतं. ट्यूबवर १००० पीपीएम किंवा वर लिहिलंय का बघून घे. डागाचं नंतर बघू, डॉक्टरीणबाई झालीस की स्वतःच करून घे.

तुझ्या लहानपणावरून आठवलं. तू पाच-सहा वर्षांची असशील, काउंटरवर बसायचीस आणि सुट्टे नसले की गिऱ्हाईकाला बरणीतलं चॉकलेट द्यायचीस, एक त्याला एक स्वतःला. तुझी आजी ओरडायची आणि स्वतः कोपऱ्यात मिशरी लावत बसायची. पहिला दात पडला तर तो पत्र्यावर फेकायला तू गिऱ्हाईकाला थांबवून ठेवलं होतंस, अर्धा किलो साखर मागत होता तो माणूस. परभणीच्या उरुसात रेवड्यांसाठी रस्त्यात बसलीस ते तर सगळ्या गल्लीला पाठ आहे. आणि आता तीच पोरगी बायोलॉजीत ३६० पैकी ३३० काढते, मी टेस्टचा मेसेज मोबाईलमध्ये ठेवलाय, येईल त्याला दाखवतो. तू म्हणतेस दाखवू नका. दाखवणारच.

मला भीती दाढेची नाही, खरं सांगतो. तू दोन महिने एका बाजूनं चावत होतीस, गोळ्या खाऊन क्लासला जात होतीस आणि फोनवर रोज "मस्त चाललंय पप्पा". डॉक्टर म्हणले अजून थांबली असती तर पू जबड्यात उतरला असता, सूज गळ्यापर्यंत जाते कधी. आपल्या घरातल्या बप्पाचं गुटख्यानं काय झालं ते आपण बघितलंय. तोंडात दोन बोटं जायची बंद झाली तरी तो काही नाही काही नाहीच म्हणत राहिला. गुटखा बंदी २०१२ ला आली, त्याला त्याचा काय उपयोग. तुझं आणि त्याचं एक नाही, मला कळतं, ती पुडी वेगळी आणि हे वेगळं. पण लपवायची सवय तीच आहे, आपल्या घराण्यातच आहे ती. दुखलं की सांगत जा. पेपर बुडाला तर बुडाला.

बघ, परत लेक्चर झालं. सोडून दे.

गुरुवारी रूट कॅनॉलची दुसरी बैठक आहे, मी येतो, सकाळची बस आहे. तोवर त्या बाजूनं कडक काही चावू नको, आतलं भरलेलं कच्चं आहे अजून. नंतर कॅप बसवायचीच, नस काढलेला दात ठिसूळ होतो आणि फुटतो, त्यात पैसे वाचवायचे नाहीत. बाकीच्या दाढांवर एकीला पांढरी रेघ दिसली म्हणे, ती अजून परत भरू शकते, रात्रीचं ते बंद केलंस तर. केलंस का? आज प्यायलीस का? मैत्रिणीला विचारणार नाही, तूच सांग.

आईला मी फक्त दाढ भरली एवढंच सांगितलंय. गोळ्यांचं नाही सांगितलं. ते तू सांग तिला, रविवारच्या आत, नाहीतर तिला कुणाकडून तरी कळेल आणि मग माझी धडगत नाही.

पप्पा