दोन हंगामांच्या मधली बाद फेरी

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. शेवटचा सामना झाल्यापासून आपल्या चाहत्यांच्या गटात शुकशुकाट आहे, ‘आवडती गाणी सांगा’ असा विषय काढला तर दोन दिवस याद्यांचा पाऊस पडला आणि तिसऱ्या दिवशी सगळे गप्प, हे वाचून नवल वाटलं नाही. दोष माणसांचा नाही, प्रश्नाचा आहे. खेळाच्या चाहत्याला निकाल लागतो. ‘आवडता सिनेमा कोणता’ याला निकालच नसतो. जो तो आपलं नाव सांगून मोकळा होतो, कुणाला खोडून काढता येत नाही, मग बोलायला उरतं काय?

म्हणून ‘आवडतं’ हा शब्द आधी काढून टाक. ज्याच्यावर पंच बसवता येईल असा प्रश्न विचार. हरलेल्या सामन्यानंतर परतीच्या वाटेवर चालेल असं गाणं कोणतं? शब्द पाठ नसतानाही भरलेल्या स्टेडियमला म्हणता येईल असं कोणतं? खेळावरच्या कोणत्या सिनेमात एक सबंध चाल मध्ये न कापता दाखवली आहे? या प्रश्नांवर माणूस चुकू शकतो. आणि चुकू शकतो म्हटल्यावर आपली मंडळी रात्री बारालाही जागी असतात.

गाण्यांसाठी बाद फेरीच घे. साखळीचा, म्हणजे प्रत्येकाची प्रत्येकाशी लढत लावण्याचा, मोह होईल, पण नुसत्या ८ गाण्यांची साखळी म्हणजे २८ लढती, निम्म्यातच कंटाळा येतो. बाद फेरीत ३२ गाण्यांना ३१ लढती पुरतात. रोज एक धरली तर बरोबर महिना निघतो. गाणी ३२ भरली नाहीत तर ओढूनताणून भरू नकोस. समज २२ आली, तर १० गाण्यांना पुढे चाल दे आणि उरलेल्या १२ मध्ये ६ लढती लाव, पुढच्या फेरीला नेमकी १६ उरतात. मानांकन मात्र उलटं लाव. टेनिसमध्ये बलाढ्य खेळाडू शेवटपर्यंत एकमेकांसमोर येऊ नयेत म्हणून त्यांना दूर ठेवतात. इथे सर्वांच्या तोंडी असलेली गाणी पहिल्याच फेरीत एकमेकांवर सोडायची. नाहीतर अनोळखी गाणं आधीच चिरडलं जातं आणि अंतिम फेरीत तीच दोन घासलेली गाणी समोरासमोर उभी राहतात. पुढे चालही कुणी न ऐकलेल्यांनाच दे, म्हणजे ती एकदा तरी कानावर पडतील.

लढतीचे नियम थोडेच, पण कडक ठेव. दोन्ही गाण्यांची दीड-दीड मिनिटं ऐकवायची, आणि पहिलं कोणतं ते नाणेफेकीने ठरवायचं, कारण शेवटी ऐकलेलं कानात ताजं राहतं. गाणं सुचवणाऱ्याला त्या लढतीत मत नाही. मतदान २४ तास, आणि मुदत संपेपर्यंत मतं झाकलेली. उघडी ठेवलीस तर पहिली पाच मतं जिकडे पडतील तिकडे बाकीचे वाहत जातात. मताबरोबर एक कारण हवं आणि ते गाण्यातल्या विशिष्ट जागेबद्दल हवं: अंतरा संपून मुखड्यावर येताना ठेका थांबतो ती जागा, किंवा दुसऱ्या कडव्यात मागून येणारं ते वाद्य. ‘भारी आहे’ असं मत आलं की अवैध ठरव. पहिले दोन दिवस लोक कुरकुरतील, मग तेच कारणासाठी गाणं तिसऱ्यांदा ऐकायला लागतील.

एक गोष्ट बहुतेक सगळे विसरतात. दोन गाण्यांच्या आवाजाची पातळी सारखी नसेल तर जे मोठं वाजतं तेच जिंकतं. दोन-एक डेसिबलचा फरक कानाला ‘मोठा आवाज’ म्हणून जाणवतच नाही, ‘हे जरा जास्त भरीव आहे’ असा जाणवतो. जुनी ध्वनिमुद्रणं तुलनेने हलकी असतात आणि १९९० नंतरची पुष्कळशी मुद्दाम जोरात बसवलेली, त्यामुळे जुनं गाणं स्पर्धेत उतरण्याआधीच हरलेलं असतं. गाणी वाजवणाऱ्या बहुतेक ॲपमध्ये पातळी सारखी करण्याची सोय असते. सर्वांना ती चालू करायला सांग. ती नसेल तर दोन्ही गाण्यांतली सर्वांत जोरकस जागा लावून आवाज हाताने जुळवून घ्या.

उपांत्य फेरीपासून गुण द्यायचे असतील तर डावपेचही येणारच. आपलं गाणं वर काढायला प्रतिस्पर्ध्याला शून्य देणारा एक तरी निघतोच. याला औषध डायव्हिंगमध्ये, म्हणजे उंचावरून पाण्यात उड्या मारण्याच्या खेळात आहे. तिथे वैयक्तिक स्पर्धेत ७ पंच असतात, त्यांचे सर्वांत वरचे दोन आणि सर्वांत खालचे दोन गुण गळतात आणि उरलेल्या तिघांची बेरीज काठिण्याच्या (उडी किती अवघड त्याच्या) आकड्याने गुणतात. तू सातच पंच नेम आणि हीच रीत लाव. काठिण्याचा आकडाही ठेव हवा तर. कुणी न ऐकलेलं गाणं आणण्याची जोखीम घेणाऱ्याला थोडं जास्त मिळायलाच हवं, असं माझं मत.

आता स्टेडियमच्या गाण्याचा प्रश्न, कारण यात आपल्या लोकांना जे कळतं ते नुसत्या संगीतवाल्यांना कळत नाही. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. समोरासमोरच्या दोन स्टँडमध्ये १७० मीटर अंतर धर. इकडची टाळी तिकडे पोचायला अर्धा सेकंद लागतो. गाण्याची लय मिनिटाला १२० ठोके असेल तर दर अर्ध्या सेकंदाला एक ठोका पडतो. म्हणजे समोरच्याला तुझी टाळी पूर्ण एक ठोका उशिरा ऐकू येते, आणि त्याने तिला धरून वाजवलेली टाळी तुझ्यापर्यंत येते तेव्हा तू दोन ठोके पुढे गेलेला असतोस. दोघंही एकमेकांची वाट बघतात आणि लय पडत जाते. समेवर येण्याची गोष्टच सोड. म्हणून बंदिस्त खोलीत झकास वाटणारं भरगच्च शब्दांचं गाणं मैदानात चिखल होतं.

तिथे काय टिकतं? तुकडा लहान, त्यानंतर मोकळी जागा, स्वर लांबवता येण्याजोगे आणि सगळं एका सप्तकाच्या आत. ‘वुई विल रॉक यू’ घे. दोनदा पाय, एकदा टाळी आणि चौथी मात्रा रिकामी. त्या रिकाम्या मात्रेत उशिरा आलेला आवाज सामावून जातो. १९७७ साली क्वीन या बँडच्या एका मैफलीत श्रोत्यांनी संपल्यावर आपण होऊन ‘यू विल नेव्हर वॉक अलोन’ म्हटलं, आणि लोकांना भाग घेता येईल असं काही करावं हे गिटारवादक ब्रायन मेच्या डोक्यात तिथून आलं. हा माणूस भौतिकशास्त्र शिकलेला. त्याने पाय आपटल्याचं ध्वनिमुद्रण वेगवेगळ्या विलंबाने एकावर एक रचलं, म्हणून थोड्या माणसांचा आवाज जमावासारखा येतो. त्या गाण्यात ड्रम नाहीतच आणि गिटार येते ती अगदी शेवटाकडे. गटाला आधी हे ओळखायला लाव.

आणि ज्या गाण्याने त्या श्रोत्यांनी निरोप घेतला ते मुळात १९४५ च्या एका संगीत नाटकातलं. १९६३ मध्ये लिव्हरपूलच्या एका बँडने ते नव्याने गायलं आणि तिथल्या फुटबॉल चाहत्यांनी उचललं. माझ्या वरच्या नियमांपैकी निम्मे हे गाणं मोडतं, तरी टिकतं, कारण ते इतकं संथ आहे की अर्धा सेकंद इकडेतिकडे झाला तरी बिघडत नाही. ‘सेव्हन नेशन आर्मी’ची गोष्ट याच्या उलट. २००३ चं गाणं, त्यातले शब्द स्टेडियममध्ये कुणी म्हणतच नाही. फक्त सुरुवातीची सात स्वरांची धून ‘ओ’कारात. ती त्याच वर्षी मिलानला सामना बघायला गेलेल्या बेल्जियमच्या क्लब ब्रुजच्या चाहत्यांनी उचलली आणि २००६ च्या विश्वचषकात इटलीच्या पाठीराख्यांनी जगभर केली. ऐकताना ती बास गिटार वाटते, पण आहे साधी गिटार, पायाने दाबायच्या यंत्राने एक सप्तक खाली उतरवलेली. यावर पैज लावलीस तर अर्धा गट हरेल.

तुमच्या गाण्यांची परीक्षा अशी घ्या. १५ सेकंदांत किती ठोके पडतात ते मोजून चौपट करा, लय कळली. मग शब्द काढून गुणगुणा, ओळख पटते का पाहा. मग सर्वांत लांब ओळ ओरडून म्हणा. चार-पाच सेकंदांत दम संपत असेल तर ते गाणं बसून ऐकायचं.

सिनेमाकडे वळण्याआधी टीव्हीकडे वळ. आपल्या सगळ्यांचे टीव्ही हंगामभर ‘स्पोर्ट्स’ मोडवर असतात आणि सिनेमाही त्यातच लावला जातो. मग ‘काहीतरी मालिकेसारखं स्वस्त दिसतंय’ अशी तक्रार येते. सामन्याचं प्रक्षेपण सेकंदाला ५० किंवा ६० चित्रांचं असतं, सिनेमा २४ चा. टीव्ही मधली चित्रं स्वतः बनवून घालतो, त्यामुळे हालचाल गुळगुळीत होते आणि सिनेमापण जातं. ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोड लाव आणि ‘मोशन’ नावाने जे काही असेल ते बंद कर. स्पोर्ट्स मोड गवताचा हिरवा रंगही भडक करतो आणि आवाजात मैदानाचा घुमारा मिसळतो, त्यात संवाद बुडतात. संवाद तरीही पुटपुटल्यासारखे येत असतील तर आवाज ५.१ वर (सहा स्पीकरांसाठीच्या मांडणीवर) आहे का बघ. दोनच स्पीकर असताना ५.१ दिलं तर संवादांचा मधला भाग कुठेतरी हरवतो. ‘स्टिरिओ’ निवडलं की परत येतो.

बघायला बसताना पंचगिरी वाटून दे. एकाने धावफलक सांभाळायचा, एकाने प्रेक्षक, एकाने समालोचन, एकाने कात्री. कात्रीवाल्याचं काम सर्वांत मजेचं: चेंडू आणि खेळाडूचा चेहरा एकाच चौकटीत, न कापता किती वेळा दिसतो ते मोजायचं. चेहरा, मग पाय, मग जाळ्यातला चेंडू असे तीन तुकडे दिसले की समजायचं, नटाला फटका येत नाही. समालोचकवाला बघतो की पडद्यावर न दिसलेली गोष्ट किती वेळा बोलून सांगितली. हळू गतीचा हिशोबही सोपा आहे. सेकंदाला ९६ चित्रं घेऊन २४ ने दाखवली की २ सेकंदांची उडी ८ सेकंदांची होते. शेवटच्या निर्णायक क्षणी ती आली तर ठीक. प्रत्येक गोलाला आली तर दिग्दर्शकाचा खेळावर विश्वास नाही.

आपल्याला सिनेमातला खेळ खोटा का वाटतो याचं खरं कारण कॅमेऱ्याची जागा आहे. प्रक्षेपणाचा कॅमेरा उंचावर आणि दूर असतो, त्यामुळे मैदानाची रचना, कोण कुठे मोकळा आहे, हे दिसतं. सिनेमाचा कॅमेरा खाली आणि जवळ येतो; घाम दिसतो, रचना जाते. चांगले दिग्दर्शक हा तोटा पत्करतात आणि त्यातून काहीतरी मिळवतात. ‘रेजिंग बुल’मध्ये कॅमेरा दोरांच्या आत शिरलेला आहे आणि बॉक्सिंगचं रिंगणच लढतीगणिक लहान-मोठं केलेलं आहे, नायक कोंडला गेला की रिंगण आकसतं. फुटबॉलपटू झिदानवरच्या २००६ च्या माहितीपटात तर २३ एप्रिल २००५ च्या एका सामन्यात १७ कॅमेरे एकट्या त्याच्यावर रोखलेले होते. चेंडू कुठे आहे हे कित्येकदा कळतच नाही, आणि मग कळतं की खेळाडू बहुतेक वेळ चेंडूशिवायच असतो. हा सिनेमा गटातल्या निम्म्यांना झोप आणेल, तरी लाव. भांडण उत्तम होईल. मोटार शर्यतपटू आयर्टन सेनावरचा माहितीपट ‘सेना’ त्याच्या जोडीला ठेव; तो जवळजवळ पूर्णपणे जुन्या चित्रणावर उभा आहे, खुर्चीत बसून आठवणी सांगणारं कुणी पडद्यावर येत नाही.

क्रिकेटवाल्यांसाठी ‘लगान’ आहेच, पण या वेळी एक काम देऊन. गोष्ट १८९३ मधली. इंग्लंडमध्ये १८८९ पासून १८९९ पर्यंत षटक ५ चेंडूंचं होतं, ६ चं झालं १९०० मध्ये. शेवटच्या सामन्यात षटकाला किती चेंडू पडतात ते मोजायला एकाला बसव. सिनेमा पावणेचार तासांच्या आसपास आहे, तेव्हा तो दोन बैठकांत घे. सामना अख्खा दुसऱ्या बैठकीला. बाकीचे दोन तासांच्या आतले निवड आणि मध्यंतर पन्नासाव्या मिनिटाच्या आगेमागे ठेव.

पहिली सोडत निघाली की जोड्या कळव. माझी दोन गाणी तुला ठाऊक आहेतच, त्यांना पुढे चाल नको.

तुझा,
जुना सोबती

ता. क. लांब राहणारे आपापल्या घरी एकाच वेळी सिनेमा लावणार असतील तर सर्वांची प्रत एकच आहे ना, ते आधी बघ. युरोपातल्या जुन्या डीव्हीडींवर २४ चित्रांचा सिनेमा २५ ने पळवलेला असतो. दोन तासांत जवळपास ५ मिनिटांचा फरक पडतो आणि एक जण शेवट आधीच बघून बोलून बसतो. गाण्यांचा सूरही चढतो, पेटीवर काळी एकवरून पांढरी दोनकडे निघावं आणि पोचण्याआधी थांबावं, एवढा. कान तयार असलेल्याला त्यावरूनच कळेल की प्रत कुठली.