‘हीट ट्रीटेड’ म्हणजे नेमके किती अंशांवर?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या मे महिन्यात आमच्या ओटीला नवा लाकडी कठडा करून घेतला. पाइनच्या फळ्या दाखवत दुकानदार म्हणाला, “ताई, हीट ट्रीटेड माल आहे. पावसात फुगणार नाही, वाळवी लागणार नाही.” एका फळीवर गव्हाच्या ओंबीचा शिक्का होता, शेजारी ‘एचटी’ अशी अक्षरे. गणपतीपर्यंत फळ्यांना पीळ पडला, सांधे उघडले. दिवाळीत सुताराने कठडा उतरवला, तर खालच्या अंगाने वाळवीने पोखरलेला.

तो शिक्का खोटा नव्हता, त्याचा लावलेला अर्थ खोटा होता. परदेशी मालाच्या खोक्यांतून आणि पॅलेटमधून (माल रचायच्या लाकडी चौकटींतून) किडे या देशातून त्या देशात जाऊ नयेत, म्हणून ते लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियसला सलग ३० मिनिटे तापवतात. आतल्या अळ्या मरतात, तो शिक्का एवढेच सांगतो. लाकूड रासायनिकदृष्ट्या होते तेच राहते. उद्या नवी वाळवी आली तर तिला कसली आडकाठी?

लाकडाचा स्वभाव बदलणारी प्रक्रिया वेगळी. १९९०च्या दशकात फिनलंडमध्ये ती कारखान्यांच्या पातळीवर विकसित झाली. तिथे लाकूड साधारण १८५ ते २१५ अंशांवर, वाफेच्या आवरणात तापवतात. मोकळ्या हवेत ते पेटेल. या तापमानाला आधी हेमिसेल्युलोज, म्हणजे लाकडातला साखरेच्या छोट्या साखळ्यांचा घटक, तुटते. त्याचे ॲसिटिल गट सुटून ॲसिटिक आम्ल तयार होते, म्हणजे व्हिनेगरमधलेच आम्ल, आणि तेच आम्ल उरलेले हेमिसेल्युलोज आणखी तोडते. पाणी धरून ठेवणारे हायड्रॉक्सिल गट कमी झाल्याने लाकूड हवेतला ओलावा जवळपास निम्माच घेते. फुगणे-आटणे कमी होते, बुरशीलाही ते पूर्वीसारखे मानवत नाही. लाकडाला बळ देणारे तंतू, म्हणजे सेल्युलोज, बरेचसे टिकतात, त्यांना बांधून ठेवणाऱ्या लिग्निनचे प्रमाण वाढते आणि रंग आरपार तपकिरी होतो. फळी कापून बघावी. माझी फळी आतून पांढरीफटक निघाली.

माझे वडील सुतार होते. वाकडी काठी ते निखाऱ्यावर शेकून सरळ करत. तिथे लिग्निन फक्त मऊ होते आणि थंड होताना नवा आकार धरते. रसायनशास्त्र शिकवताना हे उदाहरण मी वर्षानुवर्षे दिले. उष्णता लागली की लाकूड बदलतेच असे नाही. किती अंश आणि किती वेळ, यावर सारे आहे.

आणि खऱ्या प्रक्रियेच्या लाकडालाही मर्यादा आहेत. ते ठिसूळ होते, वाकण्याची ताकद घटते, म्हणून तुळईला किंवा वाशांना वापरू नये. जमिनीत पुरू नये. उन्हात तेलपाणी न करता ठेवले तर करडे पडते. कोकणासाठी सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वाळवीपासून संरक्षणाची हमी त्यात नाही. ते सांगितल्याशिवाय ते इथे विकणे मला अन्यायाचे वाटते.

निवृत्तिवेतनातून घर दुरुस्त करणारे माझ्यासारखे अनेक आहेत. लाकूड विक्रेत्यांच्या संघटनांना आणि ग्राहक संरक्षण यंत्रणेला माझी विनंती आहे, की ‘हीट ट्रीटेड’ म्हणून विकलेल्या प्रत्येक मालाच्या पावतीवर तापमान, वेळ आणि प्रक्रियेचा उद्देश लिहिणे सक्तीचे करावे.

आपली,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका, चिपळूण