टँकरवर लिहिता, तसं बेसमेंटमधल्या एसटीपीवरही लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

घोडबंदर रोडच्या टँकरच्या बातम्या दर उन्हाळ्यात तुमच्या पेपरात येतात, त्या यायलाच पाहिजेत, पण त्याच पट्ट्यात कित्येक सोसायट्यांच्या बेसमेंटमध्ये एमबीआरचे (मेंब्रेन म्हणजे बारीक भोकांची गाळणी वापरणारे) महागडे एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करून परत वापरण्याजोगं करणारे प्लांट असतात, ते नीट चालतात का हे कुणीच विचारत नाही, म्हणून हे पत्र.

साधा हिशोब बघा. माणशी रोज 135 लिटर पाणी धरतात, त्यातलं 45 लिटर फ्लशला. 200 फ्लॅटची सोसायटी, घरटी चार माणसं, म्हणजे रोज 36 हजार लिटर चांगलं पाणी आपण संडासात ओततो, 10 हजारवाले साडेतीन टँकर झाले की हो!

साध्या प्लांटमध्ये जिवाणूंनी घाण खाल्ली की गाळ खाली बसायला वेगळी मोठी टाकी लागते. एमबीआरमध्ये ती टाकीच नाही. शेवयांसारख्या पोकळ नळ्यांचे गठ्ठे, हीच ती मेंब्रेन, गढूळ पाण्यात बुडवलेले असतात आणि पंप त्यांच्यातून पाणी ओढून घेतो. नळ्यांची भोकं 0.4 मायक्रॉनहून लहान, ई-कोलाय एक-दोन मायक्रॉन लांब, तो आत शिरणार कसा? गाळ निसटत नाही म्हणून जिवाणूही दाट ठेवता येतात, लिटरमागे 8 ते 12 ग्रॅम, नेहमीच्या दुप्पट-तिप्पट, त्यामुळे थोड्या जागेत भागतं. ठाण्यातले जागेचे भाव बघता बिल्डरला हे परवडतंच. पाणी प्यायचं नाही, कधीकधी किंचित पिवळसर दिसतं, पण थोडं क्लोरीन घालून फ्लशला आणि बागेला एकदम चालतं.

घोडं अडतं ते देखभालीत. आमच्याकडे मागे मेंब्रेनचा गठ्ठा वर काढला तेव्हा नळ्यांभोवती केस आणि वेट वाइप्स पीळ घालून इतके घट्ट बसले होते की ऑपरेटर कात्रीने कापत होता, आणि वरून स्वयंपाकघरातल्या तेलाचा चिकट थर. पाणी आत यायच्या तोंडाशी एक-दोन मिलिमीटरची बारीक जाळी असावी लागते, ती गंजून फाटली होती आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. त्यात लाइट बिल वाचवायला रात्री टाकीत हवा सोडणारा ब्लोअर बंद! अहो, ती हवा जिवाणूंना जगवते आणि नळ्यांवरचा गाळही झटकते, ती बंद केली की मेंब्रेन चोंदणारच. हायपो (क्लोरीनचं द्रावण) आणि सायट्रिक ॲसिडने ठरलेल्या वेळी धुवायचं तेही राहून जातं. आणि टाकी रिकामी करून मेंब्रेन कोरडी पडू दिली तर बहुतेक वेळा ती फुकटच गेली. मग नवीन मेंब्रेनचं कोटेशन येतं, एजीएममध्ये आरडाओरडा होतो आणि प्लांटला कुलूप. टँकर सुरू.

नीट सांभाळली तर मेंब्रेन सात-दहा वर्षं जाते, पण कधीतरी बदलावी लागणारच हे फ्लॅट घेताना कुणी सांगत नाही. लिफ्टसाठी पैसे बाजूला काढतो तसा मेंब्रेनचा वेगळा फंड पहिल्या वर्षापासून हवा. आणि ऑपरेटरच्या पगारात काटकसर अजिबात नको, सगळं त्याच्या हातात असतं.

खाडीपलीकडे नवी मुंबई महापालिका कोपरखैरणे आणि ऐरोलीत सांडपाणी आणखी शुद्ध करून एमआयडीसीच्या कारखान्यांना देते. मग आपल्याच बिल्डिंगचं पाणी आपल्याच फ्लशला वापरायला काय हरकत आहे?

ठाणे महापालिकेला माझं मागणं एवढंच की ताबा देताना बिल्डरने प्लांट नुसता दाखवायचा नाही, माणसं राहायला आल्यावर पूर्ण लोडवर चालवून मगच सोसायटीच्या हवाली करायला लावा, सोबत मेंब्रेनची वॉरंटी आणि धुण्याचं वेळापत्रक त्याला लेखी द्यायला लावा. नंतरही अधूनमधून न सांगता येऊन तपासा. आणि तुमच्या बातमीदारांना एकदा आमच्या बेसमेंटमध्ये पाठवा, प्लांट दाखवायला मी स्वतः येईन.

आपला,
एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे (प.)